दूधवाल्याचं गुणोत्तर

मला नोकरी लागली ती डॉक्टर लोक कॉम्प्युटरला भीत होते म्हणून. नवऱ्याची केंद्र सरकारच्या हिशेबखात्यातून चंडीगडला बदली झाली, तेव्हा माझ्याकडे सांगलीचं माहेर, पुण्याची संख्याशास्त्रातली एमएस्सी आणि पाच वर्षांची मुलगी एवढाच ऐवज होता. "पंजाबात कुठे जाता, पेपर वाचत नाही का?" असं यच्चयावत नातेवाइकांनी विचारून झालं होतं. पेपर आम्हीही वाचत होतो. पण बदलीचा हुकूम पेपर वाचून निघत नाही आणि पेपर वाचून रद्दही होत नाही.

शहरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात, साथीच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्या विभागात नवा कॉम्प्युटर आला होता. त्याला स्वतंत्र खोली, स्वतंत्र एसी आणि फुलाफुलांचं कापडी झाकण होतं. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. विभागप्रमुखांना आम्ही नुसतं सर म्हणायचो. जालंधरकडचे, उंचेपुरे, पगडी नीटनेटकी, माणूस लाखात एक. पण त्या खोलीत आले की आजाऱ्याच्या उशाशी आल्यासारखा आवाज खाली आणायचे. मी पहिल्याच दिवशी झाकण फर्रकन ओढलं, तर म्हणाले, "आराम से, बेटा." माझी नेमणूक तात्पुरती होती आणि ती पुढे कित्येक वर्षं तात्पुरतीच राहिली.

त्या कॉम्प्युटरवर परदेशातून फुकट आलेला एक प्रोग्राम होता. याच्याकडून त्याने, त्याच्याकडून आम्ही, अशा फ्लॉप्यांवरून उतरवत आणलेला. त्याचा जीव एका चार खणांच्या कोष्टकात होता. वरच्या ओळीत एखादी वस्तू खाल्ली-प्यायलेली माणसं, खालच्या ओळीत न खाल्लेली. डावीकडे आजारी, उजवीकडे धडधाकट. चार आकडे भरले की प्रोग्राम खाली दोन गुणोत्तरं छापायचा. एक रिस्क रेशो, म्हणजे जोखमीचं गुणोत्तर. दुसरा ऑड्स रेशो, ज्याला मी मनातल्या मनात संशयाचं गुणोत्तर म्हणायची. उत्तर एकच्या आसपास आलं तर त्या वस्तूचा आजाराशी संबंध नाही. एकच्या वर जितकं चढेल तितका संशय बळकट. दोन्ही आकडे तो एकाखाली एक छापायचा आणि कोणता खरा मानायचा ते सांगायचा नाही. विचारल्याशिवाय सल्ला न देणारी वस्तू माझ्या ओळखीत दुसरी नव्हती, म्हणून मला तो प्रोग्राम फार आवडायचा.

दहशतवादाच्या त्या वर्षांत दिवस मावळायच्या आत घरी पोचायचं, हा शहराचा अलिखित नियम होता. बसमध्ये बेवारस पिशवी दिसली की अख्खी बस रिकामी. नाक्यानाक्यावर वाळूच्या पोत्यांमागून बंदुका, आणि आमच्या क्वार्टर्सच्या फाटकावर रहिवाशांचा आळीपाळीने पहारा. माझा नवरा हातात काठी घेऊन पहाऱ्याला निघाला की मला हसू यायचं, कारण घरात पाल निघाली तर ती मीच हाकलायची. पण हसता हसता दाराची कडी मी दोनदा बघायची, हेही खरं.

अशा दिवसांत आमच्याच क्वार्टर्समध्ये कावीळ आली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास. पावसाळा सरत आला होता. मागच्या गल्ल्यांत, म्हणजे फाटकापासून सगळ्यांत लांब, जिथे आमचंही घर होतं तिथे, एकामागून एक माणसं पिवळी पडायला लागली. शेजारच्या आंटीजींची सून पहिलटकरीण होती, सातवा महिना. ती हॉस्पिटलात दाखल झाली. गरोदरपणात ही कावीळ आईच्या जिवावर उठू शकते, हे मला विभागात बसून बसून ठाऊक झालं होतं. आंटीजींना मी ते सांगितलं नाही, पण त्यांना कुणीतरी सांगितलंच होतं. डबा घेऊन वॉर्डात जायच्या आणि परत येताना कुणाशी बोलायच्या नाहीत.

मग बोट दूधवाल्याकडे वळलं. तो झिरकपूरच्या पलीकडच्या गावातून यायचा. तेव्हाचं झिरकपूर म्हणजे एक चौक, चार ढाबे आणि मागे नुसती शेतं. तिशीचा सरदार, काळीभोर दाढी, मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना दुधाचे ड्रम. आम्ही सगळ्या बायका त्याला वीरजी, म्हणजे भाऊ म्हणायचो. इथे दूध लिटरने नाही, किलोने मागतात. मी पहिल्या दिवशी अर्धा लिटर मागितलं, तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने एक किलो घेतलं. मागच्या गल्ल्यांना तोच दूध घालायचा. पुढच्या गल्ल्यांतले लोक फाटकाबाहेरच्या सरकारी बूथवरून आणायचे.

"पुढे सरकारी दूध, पुढे कुणी आजारी नाही. मागे याचं दूध, मागे सगळे पिवळे. और क्या सबूत चाहिए?" रहिवासी संघाचे सेक्रेटरी म्हणाले. कुणी म्हणालं, यात गावच्या तळ्याचं पाणी आहे. दुसऱ्या दिवशी तळ्याचं पाणी गेलं आणि त्या जागी 'कुछ मिलाया है' आलं. कुणी मिसळलं, का मिसळलं, ते मोठ्याने बोलायची गरज नव्हती. त्या दिवसांत दाढीवाला जवान पोरगा आणि बंद ड्रम एवढंच पुरेसं होतं. त्याला फाटकाच्या आत यायला बंदी झाली. त्या संध्याकाळी माझी मुलगी मराठी प्रश्नाला नेहमीसारखं हिंदीत उत्तर देत म्हणाली, "मम्मी, दूधवाले अंकल को पुलिस ले जाएगी?" एवढ्याशा पोरीला जे कळलं होतं ते मला हसण्यावारी नेता आलं नाही.

तपास आमच्या विभागाकडे आला. आजारी माणसं हॉस्पिटलातूनच कळली होती. त्यांची घरं गाठायची, त्यांच्याशी ताडून बघायला धडधाकट माणसंही गाठायची आणि दोघांनाही तेच प्रश्न विचारायचे: दूध कुठलं, पाणी उकळता का, बाहेर काय खाल्लं. शिकाऊ डॉक्टरांची एक जोडी जीप घेऊन या कामाला लागली. दोघंही हुशार, दोघंही घाबरट. ती दोघं माहिती आणायची आणि मी चपला काढून खोलीत बसून ती भरायची.

चार खण भरले, एंटर दाबलं. दुधाचा ऑड्स रेशो एकच्या कितीतरी वर गेला. प्रिंटर कर्कर करत तो कागदावर उतरवत होता. सर आले, चष्मा कपाळावर ढकलून कागद डोळ्यांजवळ नेला. "रिस्क रेशो पण आहे की! हाच लिहू. इतक्या पटीने धोका. प्रशासनाला पटकन समजेल."

"नाही सर, तो लिहिता येणार नाही," मी म्हणाले. आजारी माणसं आपण सगळी गोळा केली, पण धडधाकट किती घ्यायची ते आपणच ठरवलं. उद्या दुप्पट धडधाकट घेतली की जोखीम आपोआप निम्म्यावर आल्यासारखी दिसेल. आजार तोच, माणसं तीच, आणि आपल्या लहरीवर धोका बदलला. म्हणून अशा अभ्यासात ऑड्स रेशोच धरायचा. सरांना हे माहीत नव्हतं असं नाही, पण डोक्यावर प्रशासन बसलं की माणूस माहीत असलेलंही विसरतो. ते म्हणाले, "ठीक है. पण तोही तेच सांगतोय ना? सोमवारी रिपोर्ट पाठवायचा आहे."

तो तेच सांगत होता. सरकारी शिक्क्याच्या कागदावर 'दूध' लिहिलं गेलं असतं, की तो कागद आधी आरोग्यखात्यात आणि मग ठाण्यात गेला असता. ठाण्यात गेलेली दाढीवाली तरुण पोरं त्या काळात कधी परत येत आणि कधी येत नसत. हे सरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी कागद परत माझ्या टेबलावर ठेवला.

त्याच दुपारी दूधवाला विभागाच्या दारात येऊन उभा राहिला. पगडी धुतलेली, बूट हातात. चपला बाहेर काढायच्या असतात हे त्याला शिपायाने सांगितलं असावं. "बहनजी, सुनेया मशीन ने फैसला करना है. की केहा मशीन ने?" मशीन काय म्हणालं तो कागद माझ्या हाताखालीच होता. मी त्याच्यावर कोपर ठेवलं आणि म्हणाले, "अजे कुछ नहीं केहा, वीरजी." माझी पंजाबी ऐकून तो हसला. जाताना म्हणाला, म्हशी कुणाचं ऐकत नाहीत, दूध देतातच. दोन वेळचं गावात वाटतोय, पण किती वाटणार? तो गेल्यावर मला रडू आलं. रागाने आलं. कुणाचा राग ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

रात्री जेवताना नवऱ्यापाशी सगळं ओकले. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "तू त्याच्याकडूनच दूध घेतेस. तो निर्दोष असावा असं तुला वाटणारच."

"मग आपण का नाही आजारी पडलो?"

"कारण तू दूधही उकळतेस, पाणीही उकळतेस, आणि आम्हालाही रोज थोडं थोडं उकळतेस."

मी भांडणार होते, पण तोंडातला घास तोंडातच राहिला. आम्ही मागच्या गल्लीतले. त्याचंच दूध पिणारे. आणि ठणठणीत. म्हणजे त्या चार खणांतल्या वरच्या ओळीत उजवीकडे, दूध पिऊनही धडधाकट, या खणात आम्हाला जागा असायला हवी होती. पण आमच्याकडे प्रश्न विचारायला कुणी आलंच नव्हतं. शेजारी एका घरी आजारी माणसाची चौकशी करून त्या शिकाऊ डॉक्टरांनी आमच्या दारावरून जीप काढली होती. मी खिडकीतून बघितली होती.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच क्वार्टर नंबर लावून बसले. आजारी सगळे मागचे. धडधाकट एकूण एक पुढचे, फाटकाजवळचे. त्या दोघांना बोलावलं.  त्यातली मुलगी म्हणाली, "मॅडम, पहिले मरीज़ों के घर जाते थे. तब तक शाम हो जाती थी. ड्रायव्हर गेट पे इंजिन चालू रखता था. तो हेल्दी वाले हम गेट के पास ही कर लेते थे." कुणीही तेच केलं असतं. दिवस मावळत होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि तिची आई घरी खिडकीत उभी होती. पण जिथे सगळे बूथचं दूध पितात तिथलीच धडधाकट माणसं घेतल्यावर कावीळ दूधवाल्याच्याच गळ्यात पडणार. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. इथे तर चोर कोण ते बघायला आम्ही गेलोच नव्हतो.

सरांना सांगितलं. ते खुर्चीत मागे रेलले आणि पहिल्यांदाच त्या खोलीत मोठ्याने बोलले, "ओये होये!" मग म्हणाले, "सोमवार मी बघतो. तू दुपारची निघ, उजेड असेपर्यंत काम उरकायचं. धडधाकट माणसं त्याच गल्ल्यांतून, आजाऱ्याच्या शेजारपाजारातून घ्यायची. आणि मी येतोय."

तर अशी आमची वरात निघाली. भर दुपारी सर पुढे, मागे मी, मागे ती घाबरट जोडी. पंजाब्याच्या घरी कोरड्या घशाने परत येता येत नाही. प्रत्येक दारात आधी ग्लास, मग उत्तर. तोही कशाचा, तर कच्च्या लस्सीचा. ताकाची लस्सी नव्हे. न तापवलेल्या दुधात भरपूर पाणी, बहुतेक घरांत थेट नळाचं, बर्फ आणि साखर. काविळीचा तपास करायला आलेल्या माणसांना काविळीच्या गल्लीत हे पाजत होते, तेही इतक्या मायेने की नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती. त्या जोडीने 'हायजीन' असा शब्द काढला, तर एक आजी दार लावून घ्यायला निघाली. मग मी पुढे झाले आणि सांगितलं, आमच्या महाराष्ट्रात या दिवसांत कडक उपवास असतो, पाण्याचा थेंबही चालत नाही, आणि ही पोरंही माझ्याबरोबर धरतायत. आजीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. इतकं पुण्य मी आयुष्यात कधी एवढ्या खोटेपणाने कमावलं नाही. सरांनी मात्र शुगर असल्याचं सांगून सुटका करून घेतली.

शनिवारी वीज गेली, आली, परत गेली. टिकली तेव्हा मी नवी माहिती भरली. सर माझ्या मागे उभे होते, ती जोडी दारात. दूध. ऑड्स रेशो घसरून एकच्या जवळ येऊन बसला. आजारी काय, धडधाकट काय, मागच्या गल्ल्यांत सगळेच त्याचं दूध पीत होते. कच्ची लस्सीही तेवढीच, दोन्हीकडे; फक्त पाणी उकळणारे लस्सीतही उकळून गार केलेलंच घालायचे. मी श्वास सोडला आणि पाण्याचा प्रश्न घेतला. पिण्याचं पाणी न उकळणारे वर, उकळणारे खाली. एंटर. आकडा चढला तो चढलाच. कच्ची लस्सी पिणारे मी उकळणारे आणि न उकळणारे असे वेगळे काढले, तरी दूध एकच्या जवळच आणि पाणी वरच. सर्वांत वाईट आकडा होता तो नळाला मोटर लावून पाणी ओढून घेणाऱ्यांचा. सर पुटपुटले, "पाइप." मग मोठ्याने, "पाइप है यार, पाइप!" आणि त्यांनी चक्क त्या कॉम्प्युटरच्या डोक्यावर थाप मारली. मी म्हणाले, "आराम से, सर."

सोमवारी गेला तो रिपोर्ट पाण्याचा होता. खणणारे आले. मागच्या गल्लीच्या तोंडाशी, आमच्या खिडकीतून दिसेल एवढ्या अंतरावर, गंजलेला नळ सांडपाण्याच्या गटारातून आरपार गेलेला निघाला. पाण्याला जोर नसताना मोटरी चालायच्या आणि फटींतून गटार आत ओढलं जायचं. काखेत कळसा होता आणि आम्ही झिरकपूरला वळसा घालून आलो होतो.

पण रहिवासी संघाला हे पटवायचं बाकी होतं. पुढच्या रविवारी सकाळी मधल्या बागेत सतरंज्या टाकल्या. सर बोलले. सेक्रेटरी म्हणाले, "डॉक्टर साब, नंबर-शंबर सब ठीक है. पहले नंबर ने दूध कहा, अब पानी. कल कुछ और कहेगा." लोकांत कुजबुज झाली. सरांनी माझ्याकडे बघितलं. मला सभेत बोलायची सवय नव्हती, पण राग आला की मला सवय लागत नाही. मी उठले आणि म्हणाले, नंबर खोटं बोलला नाही. आम्ही विचारलंच चुकीच्या माणसांना. आजाऱ्याला काय झालं हे कळायचं असेल तर त्याच्या शेजारच्या बऱ्या माणसाला विचारावं लागतं, लांबच्या नाही. मग मी माझं उदाहरण दिलं, माझ्या मुलीला उभं केलं. ही याच दुधावर वाढतेय, बघा.

 मग मागून आंटीजींचा आवाज आला. सुनेला दाखल केल्यापासून त्या पहिल्यांदाच चारचौघांत बोलत होत्या. "मतलब, जो ठीक हैं, वो भी इसी का दूध पीते हैं?"

"हां जी, आंटीजी. उतना ही."

त्या उठल्या. पदर नीट केला आणि काही न बोलता घराकडे चालायला लागल्या. मला वाटलं, पटलं नाही. ज्याच्या घरचं माणूस जिवावर बेतून पडलंय त्याला कुणीतरी गुन्हेगार हवा असतो, आणि मी त्यांच्या हातातला गुन्हेगार काढून घेऊन बदल्यात एक गंजका पाइप दिला होता. सेक्रेटरींनी नाइलाजाने फाटकाची बंदी उठवली.

दूधवाला दोन दिवसांनी आला. निरोप मिळाला तरी त्याचा विश्वास बसत नसावा. फाटकाच्या आत मोटरसायकल ढकलत, इंजिन बंद करून आणली, जसं काही कुणी झोपलंय. मागच्या गल्लीत येऊन उभा राहिला आणि हाक मारेना. दारं उघडी होती, बायका दारात होत्या, पण पहिलं पाऊल कोण टाकणार? मी भांडं घ्यायला आत वळले. माझं भांडं हिशेबात धरलं जाणार नाही, हे मला कळत होतं. मी तर आधीपासूनच त्याच्या बाजूची होते.

तेवढ्यात आंटीजींचं दार वाजलं. त्या पातेलं घेऊन बाहेर आल्या. गल्ली ओलांडून थेट त्याच्यासमोर गेल्या. तो मान खाली घालून उभा. त्यांनी पातेलं पुढे केलं, आणि पुढच्या गल्लीतही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"दो किलो पा दे, वीर. मेरी नूंह अज्ज घर आ रही ए. डॉक्टर ने केहा, हुण दूध देणा."

सून घरी येत होती. दूध द्यायला सांगितलं होतं. त्याने माप ड्रममध्ये घातलं, पण पहिलं माप अर्धं बाहेर सांडलं. आंटीजींनी त्याचं मनगट धरलं आणि दुसरं माप दोघांनी मिळून ओतलं.